न सोडलेली जागा

जून उजाडला की खिल्लारे बाई आपल्या कार्यालयाचे दार बिजागऱ्यांतून काढायला लावत. दार उघडे ठेवत, असे मी म्हणत नाही, काढायला लावत. आमचा शिपाई आणि मी, असे दोघे मिळून ती जड सागवानी फळी भिंतीला टेकवून ठेवत असू, आणि विशेष तुकडीचे प्रवेश आटोपून पहिला तास भरेपर्यंत ती तेथेच उभी असे. अलीकडे गावातले काही जण सांगतात, की दाराला वाळवी लागली होती म्हणून ते काढले जाई. बिजागऱ्यांचे स्क्रू मी स्वतः काढलेले आहेत. शिवाय कोणतीही वाळवी दरवर्षी नेमकी जूनमध्ये लागून जुलैत बरी होत नसते.

सुलोचना खिल्लारे आमच्या मुख्याध्यापिका. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्यांच्याविषयी सध्या दोन गोष्टी फिरत आहेत. एक अशी, की त्यांनी खोटी चिठ्ठी काढून आपल्या भाचीला विशेष तुकडीत घुसवले. दुसरी अशी, की भाचीला न्यायाने मिळालेली जागा त्यांनी एका गरिबाच्या मुलीसाठी सोडून दिली. पहिली गोष्ट बाईंच्या शत्रूंची आहे, दुसरी भक्तांची. दोन्ही खोट्या आहेत. मी तेथे होतो, आणि जे तेथे नव्हते त्यांच्याकडून घडलेली हकीकत ऐकून घेण्याची माझी तयारी नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमची प्रशाला जिल्हा परिषदेची, तालुक्याच्या गावातली. तेथे आठवीपासून एक विशेष तुकडी होती. निवडलेले शिक्षक, बरी प्रयोगशाळा, राहायला वसतिगृह, आणि शुल्क काहीच नाही. ज्या घरांना परभणीच्या शिकवण्या स्वप्नातही परवडत नाहीत, त्या घरांतल्या हुशार लेकरांना तेवढी एकच वाट होती. जागा थोड्या, उमेदवार उदंड. बाई येण्यापूर्वी परीक्षा होई, नंतर यादी लागे, आणि यादी तशीच का लागली हे विचारणाऱ्याला ‘वरून आली’ एवढे उत्तर मिळे. वर म्हणजे कोठे, हे विचारण्याची रीत नव्हती.

बाई मूळच्या पिंगळीच्या. वडील रेल्वेत गँगमन. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. उंचीने बेताच्या, पण आवाज असा, की प्रार्थनेला त्यांना कधी ध्वनिक्षेपक लागला नाही. श्रद्धांजलीच्या लेखांत त्यांना ‘वात्सल्यमूर्ती’ म्हटले गेले आहे. बाई वात्सल्यमूर्ती मुळीच नव्हत्या. मुले त्यांना भीत, आणि शिक्षक मुलांहून अधिक भीत. उशिरा आलेल्या शिक्षकाच्या नावापुढे त्या लाल रेघ ओढत नसत. वर्गात जाऊन मुलांना उशिराचे कारण सांगायला लावत. म्हणत, “माझा वेळ न्हाई खाल्ला तुमी, त्यांचा खाल्लाय. त्यांनाच सांगा.” मलाही एकदा सांगावे लागले. कारण खरे होते, आणि मी ते ताठ मानेने सांगितले.

कार्यालयात त्यांची भाषा छापील असे. रागावल्या किंवा जिव्हाळ्याने बोलू लागल्या, की पिंगळी जिभेवर येई. या दोहोंतले नेमके काय चालले आहे, हे ओळखायला मला काही वर्षे लागली.

दाराविषयी एक प्रसंग सांगतो. एका जूनमध्ये तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ कार्यालयात आले. त्यांचे नाव घेण्याची गरज नाही; ते चौकाचौकातल्या फलकांवर त्यांनी स्वतःच लावून घेतलेले असे. व्हरांड्यात पालक दाटीवाटीने बसलेले. गृहस्थ खुर्चीत बसले, इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, की जरा खाजगीत बोलायचे होते. बाई म्हणाल्या, “बोला की.” त्यांनी दाराकडे सूचक नजर टाकली. बाईंनीही टाकली. “लावलं असतं,” त्या म्हणाल्या, “पण ते बघा, तिकडं भिंतीला टेकून उभं हाय.” व्हरांड्यात कोणीतरी खाकरले. गृहस्थांनी पावसाची चौकशी केली, चहाची तारीफ केली आणि उठले. ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “सोळंके सर, भाकर झाकून ठेवावी. यादी झाकली की आंबती.”

मात्र मी बाईंचा होयबा होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रवेशाच्या दिवशी पटांगणात मंडप घालून सर्व उमेदवारांचे गुण मोठ्याने वाचायचे, ही त्यांची पद्धत. मी तिला विरोध केला आणि तो विरोध आजही मागे घेत नाही. नापास झालेल्या लेकराचे नाव गावासमोर पुकारणे हा पारदर्शकपणा नव्हे, तो छळ आहे, असे मी त्यांना शिक्षकखोलीत सर्वांसमक्ष सांगितले. आमचे चांगलेच वाजले. अखेर त्यांनी ते मान्य केले आणि पुढच्या वर्षापासून नावाऐवजी बैठक क्रमांक वाचला जाऊ लागला. ही सुधारणा माझी आहे. ती हल्ली बाईंच्या नावावर सांगितली जाते. बाई हयात असत्या तर त्यांनीच सांगणाऱ्याला खडसावले असते.

क्रमांक वाचून झाले की प्रत्येकाची उत्तरपत्रिका त्याच्या हाती देत. ज्याला प्रवेश मिळाला नाही त्याच्या आई-बापाला बाई समोर बसवून घेत आणि कोठे किती गुण गेले ते बोट ठेवून दाखवत. त्यात संपूर्ण दिवस जाई. एकदा मी म्हटले, की इतकी यातायात कशासाठी, यादी फळ्यावर लावली आहे, ज्याने त्याने पाहावी. त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. “ज्याला मिळालं त्याला काहीच सांगावं लागत न्हाई, सर. ज्याला न्हाई मिळालं त्याच्यासाठीच ही मांडामांड हाय. त्यानं घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, ते आपण त्याच्या पदरात घालावं लागतं.”

आता त्या वर्षाविषयी. बाईंचा भाऊ पिंगळीला राहत असे. त्याची मुलगी करुणा शिक्षणासाठी बाईंच्या घरी होती. ती त्या वर्षी परीक्षेला बसली. बाईंनी हे लपवले, असा एक आरोप आहे. वस्तुस्थिती अशी, की अर्ज वाटले त्याच दिवशी त्यांनी पटांगणात सर्व पालकांसमोर उभे राहून सांगितले होते, की माझी भाची यंदा उमेदवार आहे, तेव्हा पेपर आपल्या प्रशालेत तपासले जाणार नाहीत. ते बैठक क्रमांक झाकून दुसऱ्या तालुक्यात गेले आणि तेथील शिक्षकांनी तपासले. हे सर्व गावाला माहीत होते. आज कोणी विसरले असेल, तर तो त्याच्या स्मरणशक्तीचा दोष आहे.

निकालाच्या दिवशी मुलींच्या जागा भरत भरत शेवटच्या जागेपाशी आल्या आणि अडल्या. दोन मुलींचे गुण सारखे. एक करुणा, दुसरी बोरीकडच्या मारोतराव गिराम यांची वर्षा. गिरामांची थोडी कोरडवाहू जमीन, आणि त्यांच्या वाडीवर सातवीपुढे शाळा नाही. नियम असा होता, की गुण सारखे असतील तर गणिताचे गुण पाहावेत. तेही सारखे निघाले. त्यापुढचा नियम, की जन्मतारखेने जी मोठी तिला जागा द्यावी. मी दोघींचे दाखले उघडले आणि तारखा वाचल्या. दोघींची एक जून. साल तेच.

मंडपात हशा पिकला. कारण समजणे अवघड नव्हते. आमच्याकडे आई-बाप लेकराला शाळेत घालायला आणतात तेव्हा तारीख विचारली, तर ‘पेरणीच्या वक्ताला झाली’ नाहीतर ‘पोळ्याच्या आगंमागं’ असे सांगतात. शाळा जूनमध्ये उघडते. गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. माझी सरकारी जन्मतारीख तीच आहे. बाईंचीही तीच होती. मंडपातल्या निम्म्या लोकांना एकाच दिवशी पेढे वाटावे लागले असते. नियम ज्यांनी लिहिला, त्यांच्या शहरात मूल तारीख घेऊनच जन्माला येत असावे.

मागून कोणीतरी ओरडले, “बाई, आता तुमीच सांगा कोन्ती घ्यायची ते.” त्यात भोळेपणा किती आणि खोच किती, हे मी सांगू शकणार नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मंचावरून उतरल्या आणि पालकांच्या जाजमावर करुणेशेजारी जाऊन बसल्या. “सोळंके सर, इथून पुढे तुम्ही चालवा,” त्या म्हणाल्या. “मी आता या मुलीची आत्या आहे.”

मी सर्वांत ज्येष्ठ शिक्षक, मी चालवले. चिठ्ठ्या टाकाव्यात असे मी सुचवताच मारोतराव उठले. सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलण्यात आडपडदा नसलेला गृहस्थ. “चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नगं,” ते म्हणाले. “दोघीला उभं करा अन् समद्यासमोर सवाल घाला. जिला यील तिची जागा. मपली पोरगी काय भेत न्हाई.”

लोकांना ते पटले. मलाही पटले, गणिताच्या शिक्षकाला असे कोणी सांगितले, की त्याच्या मनात उदाहरण तयारच असते. तेवढ्यात जाजमावरून बाईंनी हात वर केला, इतर पालकांसारखा. मी म्हणालो, “बोला, आत्याबाई.” लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

“तोंडी परीक्षा घेतली तर करुणा जिंकती,” त्या उभ्या राहून म्हणाल्या.

मारोतराव भडकले. “मपलीला कमी समजायलात व्हय, बाई?”

“कमी न्हाई समजत, मारोतराव. दोघींचे गुण सारखे, म्हणजे दोघी सारख्या. पण ही माझ्या घरात राहती. भाजी निवडता निवडता मी हिला सवाल घालते. मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायची हिला सवय हाय. तुमच्या वर्षानं एवढ्या लोकांत कधी तोंड उघडलंय का? इथं ती हरली तर गणितात न्हाई हरायची. माझ्या घराला हरंल.”

वर्षा बापाच्या मागे, मान खाली घालून बसली होती. मारोतरावांनी वळून तिच्याकडे पाहिले आणि ते खाली बसले.

भक्तमंडळी येथे हात जोडतात, म्हणून येथेच त्यांना थांबवतो. बाईंना ती जागा नको होती, असे कोणी समजू नये. हवी होती. त्यांची निवृत्ती एका वर्षावर आली होती. त्यानंतर त्या गाव सोडणार होत्या, आणि वसतिगृह फक्त विशेष तुकडीला होते. करुणेला जागा मिळाली नाही, तर तिला पिंगळीला परत जावे लागणार होते. बोलत असताना बाईंनी तिचे मनगट असे धरले होते, की पोरीच्या हातावर बोटे उमटली असतील. जे हवे आहे ते हमखास मिळवून देणारी वाट समोर होती, आणि ती वाट चुकीची आहे हे त्यांनीच उठून सांगितले. एवढेच घडले. हे एवढेच मला पुरेसे वाटते. यावर त्यागाचा मुलामा चढवायची गरज नाही.

मग चिठ्ठ्याच ठरल्या. कोणी काढाव्यात यावर कुजबूज सुरू झाली, तेव्हा बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “ज्याच्या मनात सगळ्यात जास्त शंका, त्याचा हात घाला.” सर्वांच्या माना मारोतरावांकडे वळल्या.

दोन्ही नावे मी लिहिली. एकाच कागदाचे दोन तुकडे, एकच घडी. घडी घालण्यापूर्वी ते मारोतरावांना, बाईंना आणि पुढच्या रांगेला दाखवले. माझ्या जेवणाचा डबा रिकामा करून त्यात टाकले आणि डबा हलवला. मारोतरावांनी रुमालाला हात पुसला, एक चिठ्ठी काढली, उघडली आणि सावकाश वाचली, “करुणा.” मग म्हणाले, “दुसरी बी उघडू का?”

“उघडायलाच पायजे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरी उघडली आणि स्वतःच्या मुलीचे नाव वाचले. मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे. मग वर्षाला घेऊन ते मंडपाबाहेर गेले. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव होते असे जे सांगतात, ते बाईंना खोटे ठरवत नाहीत. ते मारोतरावांना आणि मला खोटे ठरवतात. मारोतराव काय म्हणतात ते पुढे येईल. माझे म्हणणे एवढेच, की असे सांगणाऱ्याने ते माझ्या समोर येऊन सांगावे. अद्याप कोणी आलेले नाही.

आठवडाही उलटला नाही तोच गावात बोभाटा झाला. जे मंडपात नव्हते त्यांनाच सर्व काही स्पष्ट दिसले होते. निनावी तक्रार जिल्ह्याला गेली आणि चौकशीला एक अधिकारी आले. माणूस सभ्य. कागद पाहिले, माझा जबाब घेतला, काही वावगे आढळले नाही असे म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी एक सल्ला दिला. “बाई, सगळं स्वच्छ आहे. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? तुम्हीच मोठेपणा दाखवा. भाचीला साध्या तुकडीत घाला, ती जागा त्या मुलीला द्या. तक्रार मिटेल, आणि तुमचं नावही होईल.”

सल्ला वाईट हेतूचा नव्हता. पुष्कळ सज्जनांनी तो डोळे मिटून मानला असता. बाई म्हणाल्या, “साहेब, मोठेपणा मी माझ्या वस्तूचा दाखवीन. ही जागा माझी आहे का? ती करुणाची आहे. गुण तिनं मिळवले, चिठ्ठी तिची निघाली. माझ्या नावासाठी मी तिची जागा वाटायला लागले, तर माझ्यात अन् वरून यादी पाठवणाऱ्यात फरक काय उरला?”

अधिकाऱ्यांनी कागद आवरले आणि ते निघाले. घरचे प्रकरण मात्र तितके सोपे नव्हते. शाळेत पोरी टोमणे मारत, म्हणून करुणा रडत म्हणू लागली, की मला तुकडीत बसायचेच नाही. हे मला बाईंनीच सांगितले. त्यांनी तिला जवळबिवळ घेतले नाही. तिची वेणी घालता घालता सांगितले, की तू उठून गेलीस तर चिठ्ठी खोटी होती असे तूच गावाला सांगितल्यासारखे होईल. तेव्हा रडायचे तर रड, पण बाकावर बसून रड. करुणा बसली.

वर्षासाठी बाईंनी जिल्ह्याकडे एक जादा जागा मागितली. नकार आला. तो नकार घेऊन त्या एसटीने मारोतरावांच्या वाडीवर गेल्या आणि त्यांना वाचून दाखवला. वर्षा आमच्याच प्रशालेत साध्या तुकडीत आली आणि रोज एसटीने ये-जा करू लागली. तिला गणित मी शिकवले. जन्मतारखेचा नियम रद्द होऊन त्या जागी जाहीर चिठ्ठीचा नियम आला, तोही बाईंच्या चिकाटीने. त्यासाठी त्यांनी परभणीच्या किती खेपा घातल्या, याची गावाने कधी चौकशी केली नाही. बाईंच्या निरोप समारंभाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मला संताप आला होता. बाईंनी सभागृहावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “बरं झालं, सर. चहा पुरंल.”

त्या गेल्यावर मात्र सभागृह भरून वाहिले. शोकसभेत एका तरुण वक्त्याने त्यागाची गोष्ट रंगवून सांगितली: बाईंनी भाचीच्या डोळ्यांतले अश्रू पुसले आणि तिचा हात धरून तिला तुकडीबाहेर आणले, वगैरे. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. पुढच्या रांगेत करुणा बसली होती. ती आता जनावरांची डॉक्टर आहे. तिच्या आत्याचा गौरव चालला होता, आणि त्यासाठी तिच्या स्वतःच्या आयुष्यातली वर्षे पुसली जात होती. ती खाली पाहत होती.

मी उठलो आणि हे खोटे आहे असे म्हणालो. संयोजकांनी माझी बाही धरली. सर, आजच्या दिवशी तरी वाद नको, असे म्हणू लागले. मी बाही सोडवून घेतली. तेवढ्यात मागच्या रांगेतून काठी टेकत एक म्हातारा उभा राहिला. मारोतराव गिराम. मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“मास्तर बरूबर बोलायलेत,” ते म्हणाले. “बाईनं जागा सोडली न्हाई.”

वक्त्याने नम्रपणे सुचवले, की नुकसान तर तुमचेच झाले होते.

“झालं की. न्हाई कोण म्हणतंय? पोरगी रोज यष्टीनं आली अन् गेली, पावसात भिजली, एकदा तापानं लय आजारी पडली. म्या लय शिव्या घातल्या, बाईला न्हाई, मपल्या हाताला. पण बाईनं मेहरबानी करून जागा देली असती, तर मपली पोरगी जलमभर मेहरबानीची ऱ्हायली असती. आता तिला कुणी इचारलं तर ती म्हणती, माझी चिठ्ठी निघाली न्हाई. एवढंच म्हणती. मान वर करून म्हणती.”

ते खाली बसले. करुणेने वळून त्यांच्याकडे पाहिले. संयोजकांनी मला खूण केली, की आता तुम्हाला बोलायचे तर बोला. दुसऱ्याच्या सांगण्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही, असे माझ्या आयुष्यात फार क्वचित घडले आहे. मी बसलो.